खरखर मोजणारे शब्द

मराठी भाषेला खरखरीतपणाच्या शब्दांची उणीव कधी भासलेली नाही. रस्ता खडबडीत असतो, घोंगडी खरखरीत असते, भांडी घासून हात राठ होतात, ऊन रखरखीत असते आणि घाईने तासलेला दगड ओबडधोबड राहतो. यांतला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावा. कान लगेच तक्रार करतो. घोंगडीला कुणी खडबडीत म्हणत नाही आणि उन्हाला कुणी राठ म्हणत नाही. हे शब्द आपण कोशातून शिकलो नाही. तळहाताने आणि तळपायाने शिकलो. परंतु घोंगडी किती खरखरीत, असे कुणी विचारले तर 'जरा' किंवा 'फार' यापलीकडे आपल्याला उत्तर देता येत नाही. घरात त्यावाचून काही अडतही नाही.

कारखान्यात मात्र अडते. लोखंडाचा दांडा कितीही घासला, त्यात तोंड दिसू लागले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो नांगरलेल्या शेतासारखाच दिसतो. त्या शेताचे तास किती खोल, यावर यंत्र किती काळ चालणार, तेल गळणार की टिकणार, हे ठरते. 'जरा' आणि 'फार' यांनी तिथे भागत नाही. आकडा लागतो, आणि आकडा कशाचा हे सांगणारा शब्द लागतो. जर्मन लोकांनी या कामासाठी शब्दांचे एक गावच वसवले. ते गाव इंग्रजीत हलवताना काय काय घडले, त्याची ही हकीकत आहे. मी शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण शब्द हा माझा विषय आहे, आणि या हकीकतीत यंत्रांपेक्षा शब्दांनीच अधिक घोळ घातलेला आहे.

मोजमापाची साधने नव्हती तेव्हा कारागीर नखावर विसंबत असे. नमुन्याच्या तुकड्यावरून एकदा नख फिरवायचे, केलेल्या कामावरून एकदा, आणि दोन्हींची खरखर सारखी लागली की काम पसंत. १९२९ साली गुस्ताव श्माल्ट्झ या जर्मन अभियंत्याने या नखाची जागा एका सुईला दिली. सुई पृष्ठभागावरून सरकत जाई, तिच्या हालचालीने एक छोटा आरसा डुले आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा किरण छायाचित्राच्या फितीवर चढउतारांची रेघ काढी. सुई केसभरही हलत नसे, पण लांब गेलेल्या किरणाने ते हलणे कैक पटींनी मोठे होऊन दिसे. त्या साली त्याने लिहिलेल्या निबंधाच्या नावात 'ग्लेटे' आणि 'एबेनहाइट' असे दोन शब्द होते. पहिला गुळगुळीतपणासाठी, दुसरा सपाटपणासाठी. म्हणजे आरंभापासूनच या मंडळींना ठाऊक होते की गुळगुळीत असणे निराळे आणि सपाट असणे निराळे. पुढे १९३६ साली बर्लिनमध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, 'टेख्निशे ओबरफ्लेखेनकुंडे'. आपल्याकडे त्याला 'तांत्रिक पृष्ठविद्या' म्हणता येईल. वस्तूच्या कातडीची एक स्वतंत्र विद्या असू शकते, हे त्या नावानेच जाहीर केले.

या विद्येतली पहिली गोष्ट समजायला आपल्या घरातली सारवलेली जमीन पुरेशी आहे. रांगोळी काढायला बसलेल्या बाईला ती तीन तऱ्हांनी भेटते. सबंध जमीन दाराकडे उतरती असेल, तर तो आकाराचा दोष. सारवणाऱ्या हाताच्या कमानी जमिनीवर लाटांसारख्या उमटलेल्या असतील, तर ती दुसरी गोष्ट. आणि शेणातल्या काड्या बोटाला टोचत असतील, तर ती तिसरी. जर्मन भाषेत पहिलीला 'फॉर्मआपवाइखुंग', दुसरीला 'वेलिशकाइट' आणि तिसरीला 'राउहाइट' म्हणतात. डिन ४७६० या जर्मन मानकात अशा सहा पायऱ्या लावल्या आहेत. शेवटची पायरी तर थेट धातूच्या स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीपर्यंत उतरते. या सगळ्या पायऱ्यांना मिळून एक सामाईक नाव दिले आहे, 'गेश्टाल्टआपवाइखुंग'.

इथेच इंग्रजी भाषांतरकाराचा पाय पहिल्यांदा अडखळतो. 'गेश्टाल्ट' म्हणजे आकार, आणि 'फॉर्म' म्हणजेही आकार. जर्मन माणसाच्या मनात पहिला शब्द सबंध घडणीचा आहे आणि दुसरा त्या घडणीच्या एका पायरीचा. दोन्हींसाठी इंग्रजीत 'फॉर्म' लिहिले, की घराचे नाव आणि घरातल्या एका खोलीचे नाव एकच होऊन बसते. मग 'फॉर्ममधला दोष' म्हटल्यावर तो सबंध जमिनीचा की फक्त उताराचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

याच्या उलट तऱ्हाही आहे. तीन जर्मन शब्द इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात शिरतात. 'राउहाइट' म्हणजे खरखरीतपणा, तो गुण. 'राउटीफे' म्हणजे खरखरीची खोली, ते माप. आणि पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे लोक 'राउइशकाइट' असा आणखी एक शब्द वापरीत. गटिंगेन येथे योहान निकुराड्झे याने नळांच्या आतून ठरावीक आकाराची वाळू चिकटवून, त्यांतून पाणी सोडून प्रयोग केले आणि १९३३ साली ते प्रसिद्ध केले. १९५० साली अमेरिकेत त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. तिथे खरखर म्हणजे वाळूच्या दाण्याची जाडी. लोखंडी दांड्याच्या बाबतीत खरखर म्हणजे सुईने काढलेल्या रेघेचा चढउतार. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'रफनेस' हा एकच शब्द. गुण, माप आणि वाळू एकाच पंगतीला बसली.

आता या हकीकतीचा गाभा. खरखर मोजायची ठरली. पण मोजायचे काय? जर्मनीत श्माल्ट्झचीच आणखी एक युक्ती रुळली होती. प्रकाशाची एक बारीक रेघ पृष्ठभागावर तिरकी पाडायची आणि पलीकडून सूक्ष्मदर्शकाने पाहायचे. सरळ रेघ खालीवर मोडलेली दिसते. डोळ्यांना जे दिसते ते शिखर आणि दरी. म्हणून जर्मन अभियंत्याने सगळ्यांत उंच शिखरापासून सगळ्यांत खोल दरीपर्यंतचे अंतर मोजले आणि त्याला 'राउटीफे' म्हटले. इंग्रजी भाषेच्या मुलखात दुसरेच घडले. अमेरिकेत ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ साली या विषयावर आपला निबंध लिहिला. १९४१ साली इंग्लंडमधल्या लेस्टर येथे टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीत रिचर्ड रीझन याने 'टॅलिसर्फ' नावाचे यंत्र सिद्ध केले. या यंत्रांत सुईची हालचाल विजेत उतरते. विजेच्या मापकाला एकेक शिखर मोजण्यापेक्षा सगळ्यांची सरासरी दाखवणे सोपे जाते. म्हणून तिथे मधली रेषा कल्पून, तिच्यापासून वरचे आणि खालचे सगळे अंतर सरासरीने मोजण्याची रीत पडली. इंग्लंडमध्ये तिला मध्यरेषा-सरासरी म्हणत, अमेरिकेत अंकगणिती सरासरी. आज जगभर तिला 'आर-ए' या खुणेने ओळखतात.

सरासरी आणि खोली यांत फरक केवढा, ते शाळेच्या फळ्यावरही दाखवता येते. करवतीच्या दात्यांसारखा पृष्ठभाग घ्या. तळापासून टोकापर्यंत आठ मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याची खोली आठ, सरासरी दोन. आता दुसरा पृष्ठभाग घ्या, आरशासारखा गुळगुळीत. फक्त त्यावर एक उभ्या कडांचा ओरखडा, आठ मायक्रोमीटर खोल आणि मोजलेल्या लांबीच्या शंभराव्या भागाइतका रुंद. याचीही खोली आठच. पण सरासरी सुमारे ०.१६, म्हणजे पहिल्याच्या बारावा हिस्सा. जर्मन शब्दाला दोन्ही पृष्ठभाग सारखे, इंग्रजी शब्दाला जमीनअस्मानाचे अंतर. कोण बरोबर? दोघेही. वर्गाची सरासरी सांगणारा मास्तर आणि सगळ्यांत कच्च्या मुलाचे गुण सांगणारा मास्तर, दोघेही खरेच बोलत असतात. मात्र एकाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात लिहिला, की कुणाचे तरी नुकसान होते.

ते नुकसान कसे होते, ते मी जवळून पाहिले. माझ्या वर्गात शिकून गेलेला एक मुलगा पिंपरी-चिंचवड भागात दोन लेथ टाकून लहानसा कारखाना चालवतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे दांड्यांचे एक मोठे काम आले. नकाशा मुळात जर्मन. मधल्या कुणीतरी त्याचे इंग्रजी करून दिलेले. त्यावर लिहिले होते, 'रफनेस ६.३'. पुढे कोणतीही खूण नव्हती. आपल्याकडे खुणेवाचून आकडा आला तर तो सरासरीचा धरायचा, असा त्या भागातला रिवाज. त्याप्रमाणे माल निघाला, तपासला गेला, रवाना झाला आणि तसाच परत आला. मूळ नकाशात 'राउटीफे' होते. खोली ६.३ हवी होती. यांच्या मालात सरासरी ६.३, म्हणजे खोली पंचवीसच्या वर. असा दांडा रबरी सीलमध्ये फिरू लागला की सील झिजते आणि तेल गळते. दिवाळी तोंडावर होती. त्या मालाच्या पैशांतून सहा कामगारांचा बोनस व्हायचा होता. तो पुढे होळीला झाला. भाषांतर करणाऱ्याने 'टीफे' हा शब्द गाळला, एवढेच घडले होते. नकाशात ती पाच अक्षरेही नव्हती. तो मुलगा मूळ जर्मन कागद घेऊन माझ्याकडे आला, 'मास्तर, तुम्ही शब्दांची माणसे, यातला एक शब्द तरी लावून द्या,' असे म्हणाला, आणि या गावात माझा शिरकाव झाला.

शब्द गळला तर निदान शोधता तरी येतो. खूण तीच राहून तिचा अर्थ बदलला, तर काय करावे? 'आर-झेड' या खुणेचे असे झाले. जर्मन रीतीत चार मिलिमीटर लांबीचे ०.८ मिलिमीटरचे पाच तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात सगळ्यांत उंच शिखरापासून सगळ्यांत खोल दरीपर्यंत मोजायचे आणि पाच मापांची सरासरी काढायची. एकाच ओरखड्याने सबंध मापाचा निकाल लागू नये, हा त्यातला हेतू. ओरखड्याचीही नोंद राहावी म्हणून पाचांतले सगळ्यांत मोठे माप 'आर-मॅक्स' म्हणून निराळे लिहायचे. आंतरराष्ट्रीय मानकात मात्र त्याच 'आर-झेड' खुणेखाली दुसरा हिशेब होता: एकाच तुकड्यातली पाच सर्वांत उंच शिखरे आणि पाच सर्वांत खोल दऱ्या घेऊन त्यांच्या सरासरींमधले अंतर काढायचे. दोन्ही उत्तरे जवळपास येतात. आणि म्हणूनच फसवतात. फार लांब असती तर कुणीतरी थांबून विचारले असते.

१९९७ साली आंतरराष्ट्रीय मानक नव्याने लिहिले गेले तेव्हा दहा बिंदूंचा हिशेब वगळण्यात आला, आणि पूर्वी ज्याला 'आर-वाय' म्हणत ती शिखर-दरीची उंची 'आर-झेड' या नावाने आली. व्यवहारात जर्मन अर्थ जिंकला. जपानने २००१ साली आपले मानक त्याप्रमाणे बदलले आणि जुन्या हिशेबाच्या खुणेमागे आपल्या मानकाचे नाव जोडून तिला वेगळे केले. तेव्हा नकाशावर 'आर-झेड' दिसले की तो नकाशा कोणत्या देशातला, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या सालातला, तेही विचारावे लागते. २०२१ साली या सगळ्या मानकांच्या जागी आणखी नवी मालिका आली आहे, म्हणजे सालाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

भाषांतराने केवळ घोटाळेच केले, असे मात्र नाही. कधी कधी त्याच्या निमित्ताने मूळ शब्दाचीच झाडाझडती होते. ॲबट आणि फायरस्टोन यांनी एक वक्ररेषा दिली होती. डोंगररांग ठरावीक उंचीवर आडवी कापली तर त्या पातळीवर दगड किती आणि पोकळी किती, हे ती सांगते. जर्मनांनी त्या हिश्शाला 'ट्रागआनटाइल' म्हटले. 'ट्रागेन' म्हणजे वाहणे, भार पेलणे. तेव्हा हा भार पेलणारा हिस्सा. इंग्रजीतही भार पेलण्याचाच शब्द होता. पण कागदावर डोंगर कापला म्हणून त्यावर भार थोडाच येतो? प्रत्यक्षात शिखरे दबतात, झिजतात; पेलणारा हिस्सा निराळाच निघतो. १९९७ च्या मानकात इंग्रजी शब्द बदलून नुसते 'पदार्थाचे प्रमाण' या अर्थाचे नाव ठेवले, आणि जर्मन मानकातही 'मटेरियालआनटाइल' हा तशाच अर्थाचा शब्द आला. शब्द जेवढे जाणत होता त्याहून जास्त बोलत होता, त्याला आवरले.

आता आपल्या जात्याकडे वळू. पूर्वी पाथरवट गावात येऊन 'जात्याला टाकी' अशी हाळी देत असे. जाते वापरून गुळगुळीत झाले की पीठ पडेनासे होते. मग टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करायचे. गुळगुळीत तेवढे चांगले, ही समजूत त्या घरात कधी नव्हती. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडर आतून मुद्दाम बारीक चऱ्यांचे ठेवतात. चऱ्यांत तेल राहते आणि त्यावर दट्ट्या सरकतो. वरची टोके मात्र घासून सपाट करतात. अशा पृष्ठभागाला एक आकडा पुरत नाही. म्हणून जर्मनांनी त्याचे तीन भाग केले: वरची टोके, मधला गाभा, खालच्या चऱ्या. हे डिन ४७७६ या मानकात आले आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय मानकात गेले.

गाभ्याला जर्मन शब्द 'केर्न'. त्याच्या खरखरीची खोली 'आर-के'. इंग्रजीत गाभ्याला 'कोअर' म्हणतात, त्याचे अक्षर 'सी'. तरी खूण 'के'च राहिली. इंग्रजी मजकुराच्या मधोमध ते जर्मन अक्षर, सासरी आलेल्या मुलीने माहेरचे नाव टिकवावे तसे, आजही बसले आहे. चऱ्यांसाठी जर्मन शब्द 'रीफे', म्हणजे हत्याराने पाडलेली चरी. इंग्रजीने तिथे 'दरी' म्हटले. चरी म्हटली की ती पाडणारा हात आठवतो. दरी म्हटली की निसर्गाचा देखावा. त्याशिवाय या मापांच्या मागे 'रेडुत्सियर्ट' असे विशेषण आहे. त्याचे इंग्रजी 'कमी केलेले' असे झाले. वाचणाऱ्याला वाटते, कुणीतरी घासून उंची कमी केली. वास्तविक तिथे कुणी काही घासलेले नाही. वाकड्यातिकड्या भागाचे क्षेत्रफळ तेवढ्याच क्षेत्रफळाच्या काटकोन त्रिकोणात बसवून त्या त्रिकोणाची उंची घेतलेली आहे. भूमितीतली क्रिया भाषांतरात कानशीने घासल्यासारखी झाली.

शब्दांच्या या गावात मला सगळ्यांत आवडलेला शब्द 'श्लिख्टेन'. लेथवर पहिला जाड काप घेणे ते 'श्रुपेन', आणि नंतर हलक्या हाताने पृष्ठभाग नीट करणे ते 'श्लिख्टेन'. आपले कारागीर त्याला इंग्रजीवरून फिनिश म्हणतात, म्हणजे काम संपवणे. जर्मनमध्ये मात्र 'श्लिख्टेन' याचा दुसरा अर्थ भांडण मिटवणे असा आहे. मालक आणि कामगार यांच्यात मध्यस्थी करणाऱ्यालाही त्याच क्रियापदावरून नाव आहे. खरखर म्हणजे भांडण, आणि गुळगुळीत करणे म्हणजे समेट! मजा अशी, की १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेत जर्मनांनी 'खरखरीत' या शब्दातलेच एक मुके अक्षर घासून काढले. जुन्या आणि नव्या पुस्तकांत 'राउटीफे' दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते, ते त्यामुळे.

मराठीत या विषयाच्या परिभाषेसाठी 'रुक्षता' हा शब्द सुचवलेला मी ऐकला आहे. शब्द वाईट नाही, जरी आपल्याकडे रुक्ष असतात ती बहुधा माणसे. पण त्याने खोली सांगितली की सरासरी, हे ठरेपर्यंत तो कितीही संस्कृत असला तरी उपयोगाचा नाही. वाळूच्या दाण्यापासून सिलिंडरच्या चरीपर्यंत सगळी हकीकत तेच सांगते. शब्दाचे भाषांतर करण्याआधी मोजण्याच्या कृतीचे भाषांतर करावे लागते.

माझ्या त्या विद्यार्थ्याने हे माझ्याआधीच ओळखले होते. त्याच्या कारखान्यात, नकाशे लावायच्या खिळ्याच्या वर, भिंतीवर खडूने तीन ओळी लिहिलेल्या आहेत: आकडा कशाचा? किती लांबीत? कोणत्या सालच्या नियमाने? या तिन्हींची उत्तरे लेखी आल्याशिवाय तो दांडा लेथला लावत नाही. गेल्या दिवाळीत बोनस वसुबारसेच्या आदल्या दिवशीच वाटून झाला.